ओकायामा पाहायचं तर आधी गाळ पाहा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आम्ही नेहमी जातो. ते जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलंय, एवढंच ठाऊक आहे. ऑक्टोबरात कामासाठी ओसाकाला चाललोय आणि शेवटचे तीन दिवस मोकळे आहेत. एका बागेसाठी ओकायामाला जावं का? त्या भागाचा इतिहास-भूगोल काय?

मी बावीस वर्षं जपानी दुभाष्याचं काम करतो आणि त्यातला बराच काळ ओकायामा नि कुराशिकीच्या परिसरात गेलाय. कारखान्यांतल्या बैठका संपल्या की पाहुण्यांना 'गाव दाखवायचं' काम आमच्याच गळ्यात पडतं, त्यामुळे ही वाट मला तोंडपाठ आहे. म्हणून आधीच सांगतो, नुसत्या बागेसाठी जाऊ नका. बाग छान आहे, पण ती जिथे आहे तिथेच का आहे हे कळलं नाही तर दोन तासांत पाहून होते आणि माणूस 'आपल्या पु. ल. उद्यानासारखीच की' असं म्हणत बाहेर पडतो. मी हे वाक्य निदान वीस वेळा ऐकलंय.

ओकायामा जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात, सेतो अंतर्गत समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने पाऊण तासाच्या आसपास लागतो. शहराची वस्ती सात लाखांच्या वर. उत्तरेला चुगोकु डोंगररांग, दक्षिणेला समुद्र आणि समुद्रापलीकडे शिकोकू बेटाचे डोंगर. हिवाळ्यात जपानच्या समुद्रावरून येणारं बर्फाळ वारं उत्तरेच्या डोंगरांवर रिकामं होतं, उन्हाळ्यातलं प्रशांत महासागराचं बाष्प शिकोकूचे डोंगर अडवतात. मधल्या या पट्ट्याला दोन्हीकडून पर्जन्यछाया. शहरात वर्षाला जेमतेम ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जपानच्या मानाने फारच कमी. प्रांताने स्वतःला 'हारे नो कुनी' म्हणजे लख्ख उन्हाचा मुलूख असं बिरुद लावून घेतलंय ते यामुळे.

ऊन माहितीपत्रकात असतं. गाळ नसतो, आणि ओकायामा त्यावरच उभं आहे.

योशिई, आसाही आणि ताकाहाशी या तीन नद्या चुगोकुच्या डोंगरातून निघून दक्षिणेला समुद्राला मिळतात. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी त्यांच्या मुखाशी आजचं सपाट मैदान नव्हतं. तिथे उथळ खाडी होती, 'किबीचा आतला समुद्र' (किबी हे या प्रदेशाचं जुनं नाव), आणि तिच्यात बेटं होती. नकाशा उघडून गावांची नावं वाचा: कोजिमा, हायाशिमा, मिझुशिमा, तामाशिमा. 'शिमा' म्हणजे बेट. यातलं एकही आज बेट नाही. हायाशिमाच्या स्टेशनावर उतरलात तर चहूकडे भातशेती आणि घरं दिसतील, समुद्राचा मागमूस नाही. कोजिमा तर चांगलं मोठं बेट होतं; सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुख्य भूमीला चिकटलं.

हा गाळ सगळाच निसर्गाने आणला नाही. वरच्या डोंगरात लोहयुक्त वाळू सापडते. ती मिळवण्यासाठी डोंगराची कुजकी माती खणून पाण्याच्या पाटात सोडायची, जड लोखंडाची वाळू तळाशी बसायची आणि उरलेला सगळा राडारोडा नदीत जायचा. या पद्धतीला 'कान्ना-नागाशी' म्हणतात. मूठभर लोखंडासाठी गाडीभर माती खाली यायची. शतकानुशतकं हे चाललं. नद्यांची पात्रं उथळ झाली, पूर वाढले, मुखाशी दलदल पसरत गेली. डोंगरातल्या भट्ट्यांचा उकिरडा म्हणजे आजचं ओकायामाचं मैदान, असं मी पाहुण्यांना सांगतो. जपानी यजमान हसतात, पण नाकारत नाहीत.

लोखंड इथे फार जुनं. सोजा गावाजवळ सहाव्या शतकातल्या लोहभट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत, ते जपानमधल्या सर्वांत जुन्यांपैकी आहेत. जुन्या कवितेत किबी या प्रदेशाचं ठरीव विशेषणच 'माकाने फुकु', म्हणजे लोखंड फुंकणारा. मध्ययुगात योशिई नदीकाठच्या ओसाफुने गावातले तलवारकार देशभर गाजले; जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवलेल्या तलवारींपैकी निम्म्याच्या आसपास या बिझेन भागातल्या आहेत. तलवारींची आवड असेल तर ओसाफुनेला वेगळा अर्धा दिवस द्या. नसेल तर सोडा.

आता शहराकडे येऊ. सोळाव्या शतकात उकिता नाओइए नावाच्या सरदाराने हे ठिकाण घेतलं. त्याचा मुलगा हिदेइए हा त्या वेळी जपानचा सर्वेसर्वा असलेल्या हिदेयोशीचा लाडका. त्याने 'ओकायामा' नावाच्या लहानशा टेकडीवर मोठा किल्ला बांधला, १५९७ मध्ये तो पुरा झाला आणि टेकडीचं नाव शहराला चिकटलं. किल्ल्याला पूर्वेकडून खंदक हवा होता, तेव्हा त्याने आसाही नदीच वळवून किल्ल्याच्या पायथ्याशी आणली. लष्करी दृष्टीने डोकेबाज काम. पण उथळ, गाळाने भरलेल्या नदीला भर शहरात असा बाक दिला की पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

हिदेयोशीच्या मागे सत्ता कोणाची हे ठरवणाऱ्या १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत हिदेइए हरला. त्याला तोक्योच्या दक्षिणेला भर समुद्रातल्या हाचिजो बेटावर धाडलं आणि तिथे तो जवळपास पन्नास वर्षं जगला. १६५४ मध्ये आसाहीला महापूर आला, त्याने वळवलेल्या नदीने त्याचंच शहर बुडवलं, तेव्हा हा माणूस ऐंशी ओलांडून त्या बेटावर जिवंत होता. पुढच्या वर्षी गेला. पुराची बातमी त्याच्यापर्यंत पोचली असेल का, हा विचार त्या वळणावर उभं राहिलं की माझ्या मनात दर वेळी येतो.

तोवर ओकायामा इकेदा घराण्याकडे आलं होतं. इकेदा मित्सुमासा १६३२ मध्ये तोत्तोरीहून इथे आला. काटकसरी, शिस्तीचा, शिक्षणाचं वेड असलेला राजा. त्याने १६७० मध्ये काढलेली शिझुतानी शाळा सामान्य रयतेच्या मुलांसाठी होती. तिचं १७०१ चं सभागृह आजही उभं आहे. त्याचा सल्लागार कुमाझावा बानझान हा कन्फ्यूशियन विचारांचा पंडित. पुराचं जादा पाणी शहराच्या वरच्या अंगालाच फोडून दुसऱ्या वाटेने समुद्राला न्यावं, ही कल्पना त्याची. ती प्रत्यक्षात आणली त्सुदा नागातादाने (१६४०–१७०७), आणि हे नाव मात्र लक्षात ठेवा.

ही दुसरी वाट म्हणजे ह्याक्केनगावा, 'शंभर केन रुंद नदी'. एक केन म्हणजे साधारण १.८ मीटर. १६६९ पासून काम सुरू झालं आणि १६८७ च्या सुमारास तिला पूर्ण रूप आलं. लांबी सुमारे १३ किलोमीटर. आसाहीचा बांध एका ठिकाणी मुद्दाम बुटका ठेवला; पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की तिथून आपोआप सांडतं. पुढे एकापाठोपाठ एक असे दगडी सांडवे होते, पाण्याचा वेग मोडायला आणि वाळू वरच्यावर खाली बसवायला. एरवी हे पात्र जवळपास कोरडं, म्हणून आत भातशेती चालायची. पूर आला की पीक गेलं, शहर वाचलं. बोलाचालीत मी याला 'पगारी बळी' म्हणायचो; एका जपानी अभियंत्याने हा शब्द भाषांतर करून मागितला आणि मग बराच वेळ गप्प बसला. ही वाट आजही राबते आहे. तिच्या काठाने फिरायला जाणाऱ्यांतल्या अनेकांना ती माणसाने खणलीय याचा पत्ता नसतो.

त्सुदाची दुसरी कामगिरी समुद्रात. पूर वळवला तर ते पाणी जाणार कोजिमाच्या उथळ खाडीत, आणि तिथेच संस्थानाला नवी जमीन हवी होती. मग बांध घालून खाडी आटवायची. कुराता (१६७९), कोउजिमा-शिंदेन (१६८४), ओकीशिंदेन (१६९२), असे एकामागून एक तुकडे त्याने समुद्राकडून हिसकावले. ओकीशिंदेन एकटंच जवळपास १९०० हेक्टरांचं. भरतीला समुद्राचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला आतलं पाणी सोडायचं यासाठी मुखाशी दरवाजे. रायगडच्या खारपट्ट्यातल्या माणसाला हे समजवायची गरज नाही, आपल्याकडे त्याला उघाडी म्हणतात. एकदा अलिबागकडचे एक गृहस्थ दौऱ्यात होते. मी तांत्रिक शब्द शोधत अडखळलो, तर ते मराठीतच म्हणाले, "अहो, उघाडी आहे ती." मग पुढचं सगळं त्यांनीच समजावलं.

आणि आता बाग. याच त्सुदाला मित्सुमासाच्या मुलाने, इकेदा त्सुनामासाने, १६८७ मध्ये बागेचं काम दिलं. १७०० मध्ये ती पुरी झाली. किल्ल्यासमोर, वळवलेल्या नदीच्या पलीकडच्या वाळवंटावर. म्हणजे ज्या बाकाने शहर बुडत होतं त्याच बाकात. सुमारे १३ हेक्टरांची ही कोराकुएन. कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची कायराकुएन यांच्या जोडीने जपानच्या तीन नामवंत बागांत ती मोजतात. १८८४ पासून सर्वांना खुली आहे.

आत गेल्यावर तीन गोष्टी पाहा. पहिली, मोकळं हिरवळीचं मैदान. जपानी बाग म्हटलं की जी दाट, वळणावळणाची रचना डोळ्यापुढे येते तशी ही नाही, आणि पुण्याच्या उद्यानात जी ऐसपैस हिरवळ आहे तिचं मूळ इथे आहे. दुसरी, बागेत चक्क भातखाचर आणि चहाचा मळा. प्राचीन चीनमधल्या नऊ खणांच्या शेतसाऱ्याच्या पद्धतीचं ते छोटं रूप आहे. समुद्र आटवून भातशेती करणाऱ्या माणसाने राजाच्या बागेतही खाचर ठेवलं, यात मला तरी त्सुदाची सही दिसते. तिसरी, 'र्‍युतेन' नावाचा लाकडी मंडप. खालच्या मजल्याच्या मधून पाण्याचा पाट वाहतो, त्यात रंगीत दगड मांडलेत. १९४५ च्या बाँबहल्ल्याच्या आगीतून बागेतल्या ज्या थोड्या वास्तू वाचल्या त्यांत हा आहे. बूट काढून पाटाकाठी बसा. इथे घाई करू नका.

फेब्रुवारीत मात्र कोणाला आणू नका. हिरवळ वाळलेली असते आणि महिन्याच्या सुरुवातीला ती रीतसर पेटवून देतात, कीड मरावी आणि नवी पालवी जोमात यावी म्हणून. मी एकदा पुण्याहून आलेली बारा माणसं नेमकी दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो होतो. समोर काळं मैदान, मागे काळा किल्ला. त्यांचे फोटो आजही मला कोणीतरी पाठवतं.

किल्ला काळा आहे हे खरंच; त्याला 'उजो', कावळ्यांचा किल्ला म्हणतात. वाटेवरच्या हिमेजीच्या पांढऱ्याशुभ्र किल्ल्याशी तुलना होते आणि ओकायामा हरतं, कारण हिमेजीचा अस्सल आहे आणि इथला १९६६ चा काँक्रीटचा. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी शहरावर आगीचे बाँब टाकले. भोंगे वाजलेच नाहीत. १७०० हून अधिक माणसं मेली, मूळ मनोरा जळाला. आवारातला 'चंद्रदर्शनाचा बुरूज' तेवढा जुना उरला आहे. वेळ कमी असेल तर मनोऱ्यात चढण्यापेक्षा या बुरुजापाशी जा आणि मग पुलावर येऊन नदीचं वळण पाहा.

दुसरा दिवस सायकलचा. बिझेन-इचिनोमिया ते सोजा असा किबीच्या मैदानातून सुमारे १७ किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. एका स्टेशनाजवळ सायकल भाड्याने घेऊन दुसऱ्या टोकाला परत करता येते. मला विचाराल तर ओकायामात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, बाग नंतर.

वाटेत किबित्सु देवस्थान लागतं. जुळ्या छपराचं मुख्य मंदिर १४२५ मधलं, आणि टेकडीच्या उतारावरून खाली जाणारा साडेतीनशे मीटरांहून लांब छपराची लाकडी वाट. इथली कथा अशी: उरा नावाचा परका राक्षस डोंगरावरच्या गडात राहून मुलूख लुटत होता, राजपुत्र किबित्सुहिकोने त्याला मारलं. शीर स्वयंपाकघराच्या चुलीखाली पुरलं तरी ते ओरडत राहिलं. आजही तिथे भाताच्या हंड्याच्या आवाजावरून कौल लावतात. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारो या बालवीराची गोष्ट याच कथेतून आली, असा ओकायामाचा दावा आहे. स्टेशनासमोर पुतळाही त्याचाच.

उरा कोरियातल्या बेक्जे राज्याचा राजपुत्र होता असंही सांगतात. त्याच्या रक्ताने लाल झालेली म्हणून सांगतात ती ओढ्यासारखी नदी याच भागात आहे, आणि लोखंड असलेल्या मातीतून वाहणारं पाणी तांबडं दिसतंच. कोरियातून आलेले लोहार, त्यांच्या भट्ट्या, आणि त्या ताब्यात घेणारी यामातोची म्हणजे प्राचीन जपानी दरबाराची सत्ता, असा या कथेचा अर्थ लावणारे बरेच आहेत. मला तो पटतो. उराचा म्हणून दाखवतात तो किनोजो गड मात्र खराखुरा आहे. ६६३ मध्ये जपानी आरमार कोरियाच्या किनाऱ्यावर हरलं, चीनची स्वारी येईल या धास्तीने जे डोंगरी किल्ले बांधले गेले त्यांतला हा. पाय धड असतील तर चढाच. वरून सगळं मैदान दिसतं आणि मधूनमधून उठलेल्या टेकड्या पाहून 'ही बेटं होती' हे कोणी न सांगता कळतं.

मैदानात त्सुकुरियामा हा पाचव्या शतकातला थडग्याचा टेकाड आहे, लांबी सुमारे ३५० मीटर, देशात चौथ्या क्रमांकाचा. त्याहून मोठे आहेत त्यांवर पाऊल ठेवता येत नाही. यावर पायवाटेने चढता येतं. एक सावधगिरी: त्सुकुरियामा याच उच्चाराचं दुसरं, थोडं लहान थडगं जवळच आहे, लिपीतली अक्षरं वेगळी. गावकरी पहिल्याला झोझान, दुसऱ्याला साकुझान म्हणतात. रस्ता विचारताना तसंच म्हणा.

वाटेवरच बिच्चु-ताकामात्सुच्या किल्ल्याची जागा आहे. १५८२ मध्ये हिदेयोशीने दलदलीतला हा किल्ला तलवारीने घेतलाच नाही. सुमारे तीन किलोमीटरांचा बांध घालून शेजारची नदी आत सोडली आणि किल्ल्याचं बेट करून टाकलं. बांध १२ दिवसांत उभा राहिला अशी परंपरा आहे. तेवढ्यात क्योतोत त्याचा धनी नोबुनागा मारला गेल्याची खबर आली. ती दाबून ठेवून हिदेयोशीने घाईने तह केला. किल्लेदार शिमिझु मुनेहारुने बुडालेल्या किल्ल्यापुढे होडीत बसून पोट चिरलं आणि हिदेयोशी थेट राजधानीकडे धावला. जपानचा इतिहास ज्या आठवड्यात फिरला तो आठवडा या चिखलात गेला. आज तिथे कमळाचं तळं आहे आणि बांधाचा एक छोटा तुकडा. बघायला काहीच नाही, तरी थांबा.

तिसऱ्या दिवशी कुराशिकी आणि कोजिमा. आटवलेल्या जमिनीत मीठ, भात लगेच येत नाही; कापूस मात्र मीठ सोसतो. म्हणून खाडीकाठी कापूस पसरला. त्याला खत म्हणून उत्तरेकडच्या होक्काइदोतून हेरिंग माशांचा चोथा जहाजांनी शिमोत्सुई बंदरात यायचा. कापसातून कोजिमात पट्ट्या, दोऱ्या, पायमोजे. मग शाळेचे गणवेश. आणि १९६५ पासून जीन्स. आज दुकानात 'जपानी डेनिम' म्हणून जे महागडं मिळतं त्याचं एक मूळ मिठाळ चिखलात आहे. इथला पिकणारा कापूस मात्र टिकला नाही, आणि त्यात आपला हात आहे. १८९३ मध्ये मुंबई-जपान बोटसेवा सुरू झाली, १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरची जकात काढली आणि मुंबई बंदरातून गेलेल्या स्वस्त हिंदुस्थानी कापसाने जपानी शेतकऱ्याचं हे पीक बसवलं.

कुराशिकीचा कालवा, पांढऱ्या भिंतींची कोठारं आणि १९३० चं ओहारा कलासंग्रहालय याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडेल. सकाळी नऊच्या आत कालव्यावर जा, नंतर गर्दी होते. कोजिमाजवळ वाशुझान टेकडीवरून १९८८ चा सेतो महापूल दिसतो, वर मोटारी आणि खाली रेल्वे.

गाळाची गोष्ट अजून संपलेली नाही. कोजिमा खाडीत मेइजी काळात ओसाकाच्या फुजिता देनझाबुरो या उद्योजकाने पुन्हा भराव सुरू केला, १८९९ पासून. शेवटचा तुकडा १९६३ ला उरकला. मधे शेतीला गोडं पाणी हवं म्हणून खाडीचं तोंडच बांधून सरोवर केलं, आणि साचलेलं पाणी खराब व्हायचं ते झालं. जुलै २०१८ च्या पावसात कुराशिकीच्या माबी भागात ताकाहाशी नदी इतकी चढली की तिला मिळणाऱ्या ओदा नदीचं पाणी उलटं फिरलं, बांध फुटले, ५० हून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक म्हातारी, एकमजली किंवा तळमजल्याच्या घरांतली. लख्ख उन्हाच्या मुलखात पूर येत नाही अशी तिथल्या अनेकांची समजूत होती. नंतर ओदाचा संगम खालच्या अंगाला हलवण्याचं मोठं काम सरकारने केलं. बानझान आणि त्सुदाचाच धडा, साडेतीनशे वर्षांनी.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मासे खात असाल तर मामाकारी खा: चांदीसारखी छोटी मासळी, व्हिनेगरमध्ये मुरवलेली. नावाचा अर्थ 'भात उसना आणणे', म्हणजे घरचा भात संपतो आणि शेजारी जावं लागतं. बाराझुशी हा भातावर भाज्या-मासे पसरलेला प्रकार. मित्सुमासाने एका जेवणात एकच भाजी असा दंडक घातला म्हणून लोकांनी सगळं भातात लपवलं, ही त्यामागची ऐकीव गोष्ट. शाकाहारी असाल तर भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, तेव्हा जेवण आधी सांगून ठरवा, ऐनवेळी नको.

पांढरे पीच जुलै-ऑगस्टचे, तुम्हाला मिळायचे नाहीत. ऑक्टोबरात द्राक्षं असतात. एकेका घडाला कागदाची पिशवी बांधून वाढवलेली, आणि किंमत ऐकून नाशिकचा माणूस खुर्चीत बसतो. स्टेशनाजवळच्या दुकानांत अर्धा घडही मिळतो, तो घ्या.